उलट चढणारं पाणी

मॅलकी हेहिर कुठूनही निघताना कुणाला सांगत नसे. आमच्या खाडीकाठी माणसं निरोप घ्यायला अर्धा तास लावतात. खुर्चीतून उठताना एकदा, दारात एकदा, फाटकाशी एकदा, आणि गाडी सुरू झाल्यावर काचेतून हात बाहेर काढून पुन्हा एकदा. मॅलकीचं तसं नव्हतं. लग्न असो, मयत असो, पत्त्यांचा डाव असो, बोलता बोलता त्याची खुर्ची रिकामी दिसायची. "भरती लागली वाटतं," असं म्हणून लोक हसायचे आणि पुढचा पत्ता टाकायचे.

भरतीचं कारण खोटं नव्हतं. शॅनन नदी समुद्राला मिळते तिथं आमच्या क्लोनडेरा गावाची सगळी कुरणं बांधाच्या आड आहेत. बांध नसता तर दिवसातून दोनदा गायी पाण्यात उभ्या राहिल्या असत्या. त्या बांधाच्या पोटातून तीन मोऱ्या काढल्यात आणि प्रत्येक मोरीच्या नदीकडच्या तोंडावर एक जड लोखंडी झडप टांगलेली आहे. ओहोटी लागली की कुरणातलं पाणी आतून झडप ढकलतं आणि नदीत जातं. भरती आली की नदीचं खारं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप आपोआप बंद होते. माणसाने काही करायचं नाही. फक्त ती नीट बसली पाहिजे. एखादी काटकी अडकली, खालची कड झिजली, की खारं पाणी उलटं चढतं. वरून काही दिसत नाही. आठवड्याभराने गवत पिवळं पडतं आणि मग दोन वर्षं गाय त्याला तोंड लावत नाही. मॅलकीचा बाप या झडपा सांभाळायचा, आणि बापाच्या मागे गेली अठ्ठेचाळीस वर्षं मॅलकी.

त्याची नात साइव्ह तीन वर्षांची झाली आणि तिला ताप यायला लागला. सर्दी नाही, खोकला नाही. सकाळी अंगणात कोंबड्यांमागे पळणारी पोर दुपारी तव्यासारखी तापायची आणि पोटाला धरून आडवी व्हायची. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी लघवी तपासली आणि जंतू सापडले म्हणाले. साइव्हची आई नुआला, म्हणजे मॅलकीची एकुलती एक लेक, हे ऐकून नुसती मान हलवत राहिली. पुढच्या तपासण्या व्हायच्या आधीच तिला सगळं ठाऊक होतं. लहानपणी तिलाही हेच झालं होतं. लघवी मूत्राशयाच्या पिशवीत उतरायची आणि तिथून पुन्हा वर, मूत्रपिंडाकडे चढायची. हे आईकडून लेकीकडे येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. नुआलाने त्या दिवशी घरी येऊन भांडी इतकी आपटली की एका कपाचा कान उडाला.

मग रोज संध्याकाळी एक चमचा औषध सुरू झालं. जंतू वाढू नयेत म्हणून. वाढत्या वयात हे आपोआप बरं होतं, पुष्कळ मुलांचं होतं, असं सांगितलेलं. साइव्ह सहा वर्षांची झाली तरी ते झालं नाही. औषध चालू असताना तीनदा ताप आला. तिसऱ्या खेपेला, फेब्रुवारीत, तिला इस्पितळातच ठेवावं लागलं.

नुआला टपालाची गाडी चालवते आणि नवरा फर्गस माल भरलेला ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस स्पेनकडे असतो. त्यामुळे त्या दिवशी पोरीजवळ मॅलकी बसला होता. दुपारी नुआला कामावरून थेट आली. साइव्हच्या हाताला सुई होती, पण ताप उतरला होता आणि ती टीव्हीवरचं डुकराचं कार्टून बघत होती. मॅलकीने टोपी उचलली आणि चवड्यांवर चालत खोलीबाहेर पडला. तो जिन्याशी पोचला तेवढ्यात मागून हाक आली.

"बाबा."

"गाडी जरा चुकीच्या जागी लावलीय गं. उगाच कुणी..."

"तिला सांगून निघा."

"टीव्ही बघतेय ती. उगाच कशाला रडवायचं?"

नुआला दोन पावलं जवळ आली. "उगाच कशाला रडवायचं," ती सावकाश म्हणाली. "हेच म्हणाला होतात ना आईला तेव्हा?"

मॅलकीने टोपी हातात फिरवली.

"जा आत. आणि सांगून या."

तो आत गेला, काहीतरी पुटपुटला आणि बाहेर आला. "हं," असं साइव्ह डुकरावरची नजर न काढता म्हणाली. पण नुआला त्याच्याशी पुढे दहा दिवस बोलली नाही.

ती गोष्ट शहाऐंशी सालची. नुआला सहा वर्षांची होती. तेव्हा या दुखण्याला एकच इलाज आमच्या माहितीत होता: पोट उघडायचं, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या पिशवीपासून सोडवायच्या आणि नीट तिरप्या करून पुन्हा शिवायच्या. तीन आठवडे इस्पितळात. मॅलकी आणि त्याची बायको ब्रीडा पोरीला शहरात घेऊन गेले. खाटेवर बसवलं, बाहुली हातात दिली. तिथली एक नर्स मॅलकीला बाजूला घेऊन म्हणाली, "तिचं लक्ष नसताना गुपचूप निघा. निरोप घेत बसलात तर ती आकांत करेल आणि तुमचाही पाय निघणार नाही." त्या काळात सगळीकडे असंच सांगत. ब्रीडाचा पाय निघत नव्हताच. मॅलकीने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. नुआलाने बाहुलीच्या बुटाची गाठ सोडवून वर पाहिलं, तर दोघं नव्हते.

पुढच्या रविवारी ते भेटायला गेले तेव्हा ती त्यांच्याकडे पाठ करून झोपली होती. पोटाला नळ्या लावलेल्या. हाक मारली तरी वळली नाही.

त्यानंतर ती बरी झाली, मोठी झाली, हसली-खेळली, पण तो विषय निघाला की घरात कुणीतरी उठून चूल सारखी करायचं. पुढे ब्रीडा वारली. मॅलकीला विचारलं तर तो एवढंच सांगायचा, की त्या दिवशी मोठी भरती होती, झडपेपाशी जावंच लागलं.

एप्रिलमध्ये डब्लिनच्या मुलांच्या इस्पितळातून बोलावणं आलं. फर्गस नव्हता, म्हणून गाडी मॅलकीने चालवली. तीन तासांत नुआला दोन वाक्यं बोलली, त्यातलं एक, "काही झालं तरी मी हिला चिरू देणार नाही."

डॉक्टर डारगन उंच, पिकल्या केसांची बाई होती आणि तिच्या पायात लाल बूट होते. साइव्हला ते आवडले. डॉक्टरीण खाली वाकून आधी तिच्याशीच बोलली, शाळेतले संडास कसे आहेत ते विचारलं.

"घाण," साइव्ह म्हणाली. "मी जातच नाही. मी घरी येईपर्यंत धरून ठेवते. वर्गात माझ्याएवढं कुणालाच धरता येत नाही."

"शाब्बासकी द्यायला हवी, पण देत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "ते आपल्याला सोडवायचंय. त्याच्यासाठी मी तुला एक घड्याळ देणार आहे. बघू नंतर."

मग तिने कागदावर पिशवीचं चित्र काढलं. "मूत्रपिंडाकडून आलेली नळी पिशवीच्या भिंतीतून तिरपी आत शिरते. पिशवी भरली की भिंत दाबली जाते आणि नळीचं तोंड आपोआप मिटतं. साइव्हच्या दोन्ही नळ्या तिरप्या नाहीत, आखूड आणि सरळ शिरल्यात. म्हणून तोंड मिटत नाही आणि लघवी वर चढते."

"झडप बसत नाही," मॅलकी म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. तो कधी मध्ये बोलत नसे.

"बसत नाही, बरोबर," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही काय करता?"

"झडपा बघतो. खाडीच्या." मॅलकीने खुर्ची पुढे ओढली. "दोन नंबरची झडप अशीच गळायची. खालची कड झिजलेली. इंजिनियर आले, म्हणाले बांध खणा, मोरी बदला. मी म्हटलं, थांबा. मोरीच्या खालच्या ओठाखाली चिकणमाती ठासली, वर डांबरातला दोर बसवला. ओठ एवढासा वर उचलला." त्याने अंगठा आणि बोट यांत दाण्याएवढी जागा दाखवली. "बसली की! नऊ वर्षं झाली."

डॉक्टरीण हसायला लागली. "मी तेच करते. लघवीच्याच वाटेने एक बारीक दुर्बीण आत घालायची. नळीच्या तोंडाच्या खालच्या ओठात सुईने थोडं जेल भरायचं. अर्धा चमचासुद्धा नाही. तिथं उंचवटा येतो आणि तोंड मिटतं. पंधरा-वीस मिनिटं. पोर झोपलेली असते. त्याच संध्याकाळी घरी."

"टाके किती?" नुआलाने विचारलं.

"एकही नाही. सुरी नाहीच."

नुआलाचा हात नकळत पोटाकडे गेला. "माझा व्रण इथून इथवर आहे."

"कुठल्या साली?"

"शहाऐंशी."

बोलावं की नाही असं डॉक्टरिणीच्या तोंडावर दिसलं. "ही पद्धत याच शहरात सुरू झाली. चौऱ्याऐंशीत."

"म्हणजे मला चिरलं त्याच्या दोन वर्षं आधी."

"तेव्हा ती अगदी नवी होती. भरायचा पदार्थही वेगळा होता, पुष्कळांच्या मनात शंका होत्या. सगळीकडे पोचायला वेळ लागला. तुमचं ऑपरेशन चुकीचं नव्हतं. ते आजही काही मुलांना लागतं."

नुआलाने चित्राचा कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "याचा गुण येतोच?"

"दहातल्या सात-आठ मुलांना पहिल्या खेपेत. उरलेल्यांना कधी पुन्हा भरावं लागतं, कधी नाहीच साधत. मी वचन देत नाही." डॉक्टरिणीने फायलीतून मूत्रपिंडाचा फोटो बाहेर काढला. "पण हे बघा. डाव्या मूत्रपिंडावर डाग पडलाय. गेलेला भाग परत येत नाही. आणखी एक-दोन तसे ताप आले तर डाग वाढेल. नुसतं औषध देऊन वाट बघा, असं मला सांगवत नाही."

"विचार करून कळवते," नुआला म्हणाली.

परतीच्या वाटेवर साइव्ह मागच्या सीटवर झोपली. बऱ्याच वेळाने नुआला म्हणाली, "सुरी नाही हे खरं. पण ऑपरेशनच्या खोलीचं दार तर आहे ना? दाराच्या आत तीच एकटी जाणार. मी सही करणार नाही, बाबा."

तशाच एका दारातून शहाऐंशीत मॅलकीनेच तर काढता पाय घेतला होता.

तीन आठवडे डॉक्टरिणीने सहीसाठी दिलेला कागद नुआलाच्या स्वयंपाकघरात पावाच्या डब्याखाली पडून होता. दर सकाळी ती डबा उचलायची, पाव काढायची आणि डबा पुन्हा कागदावर ठेवायची.

मे महिन्यात एका शनिवारी ती टपाल वाटून परत येत होती. ओहोटी होती. बांधावर तिला दोघं दिसली. मॅलकी गमबूट घालून चिखलात उभा होता आणि साइव्ह दोन नंबरच्या मोरीवर पालथी पडून खाली डोकावत होती. नुआला गाडी थांबवून बांधावर चढली.

"आई, बघ!" साइव्ह ओरडली. "आता उघडी आहे. शेतातलं पाणी बाहेर चाललंय. आजोबा म्हणतो, अजून दोन तासांनी पाणी वळेल आणि ती थप्प करून मिटेल."

"पडशील. मागे हो."

"आजोबाने माझा पाय धरलाय. आई, ती माती इथं खाली आहे, ओठाच्या खाली. दिसते पण नाही. माझ्यात पण डॉक्टर अशीच माती घालणार."

"माती नाही गं, जेल," मॅलकी खालून म्हणाला. "माती घालीन म्हणाली तर आपण पळून येऊ."

"तेच ते. बांध नाही फोडायचा." साइव्ह उठून बसली. तिच्या हनुवटीला शेवाळ लागलं होतं. "आई, तुझा बांध फोडला होता ना?"

नुआला तिच्याशेजारी गवतावर बसली. "हो."

"दुखलं?"

"दुखलं. पण ते नाही एवढं आठवत."

"मग काय आठवतं?"

मॅलकीने खाली चिखलात बघायला सुरुवात केली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"उठले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं," नुआला म्हणाली. "ते आठवतं."

साइव्हने यावर थोडा विचार केला. "मी उठेन तेव्हा तू असशील?"

"असेन."

"नक्की? चहाला वगैरे जाणार नाहीस?"

"नाही जाणार."

"मग चालेल," साइव्ह म्हणाली आणि पुन्हा पालथी पडली. "आजोबा, पाय धर."

त्या संध्याकाळी नुआलाने डबा उचलून बाजूला ठेवला आणि सही केली.

जूनमधली तारीख मिळाली. मॅलकीने पंचांगासारखं जपलेलं भरतीचं कोष्टक काढलं आणि बोट ठेवलं: त्याच दिवशी उधाणाची भरती, दुपारी सव्वाच्या सुमाराला. वारा नैर्ऋत्येचा सांगितलेला. अठ्ठेचाळीस वर्षांत अशा दिवशी तो बांधावर नव्हता असं क्वचितच घडलं होतं. आदल्या दिवशी तो शेजारी टायग कुसॅककडे गेला. लहानपणापासून दोघांची दोस्ती आणि तेवढीच भांडणं.

"उद्या झडपा बघशील?"

टायगने चष्मा काढला. "कोण बोलतंय हे? मॅलकी हेहिर? तूच म्हणतोस ना, मला झडप आणि ताटली यातला फरक कळत नाही."

"दोन नंबरच्या खाली काटक्या अडकतात. लांब काठीचा आकडा घेऊन जा. आणि तीन नंबरच्या..."

"अरे, पन्नास वर्षं तुझ्या तोंडून ऐकतोय, मला झोपेत पाठ आहे. जा पोरीबरोबर. आणि निघताना तिला सांगून निघ म्हणजे झालं."

मॅलकीने चमकून बघितलं. टायग चष्मा पुसत होता. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

सकाळी इस्पितळात साइव्हला ढगळ अंगरखा घातला. तिने आपल्या कापडी सशालाही एक पट्टी बांधून घेतली. अकरा वाजता नर्स आली, मेरिटा नावाची, फिलिपिन्सहून आलेली हसरी बाई. "आत एकच माणूस येऊ शकतं. पोर झोपेपर्यंत. मम्मी येणार ना?"

"हो," नुआला म्हणाली. खाटेचा दांडा धरून ती दुहेरी दारापर्यंत आली. दार आपोआप उघडलं. आतून तो वास आला, स्पिरिटचा आणि गार हवेचा, आणि नुआला जागच्या जागी थिजली. तिने भिंतीला हात टेकला.

"मम्मी, बसता का?"

"मला जमत नाही," नुआला म्हणाली. "बाबा. तुम्ही जा."

"मी?"

"जा. पण तिला फसवून बाहेर आलात तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

मॅलकीने टोपी नुआलाच्या हातात दिली आणि आत गेला.

आत उजेड फार होता. डॉक्टर डारगन तोंडाला फडकं बांधून उभी होती. तिचे लाल बूट निळ्या पिशव्यांत गेले होते, म्हणून साइव्हने आधी तिला ओळखलंच नाही. मॅलकी खाटेशी खाली वाकला. हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी सशावर ठेवला.

"ऐक, साइव्ह. तू आता झोपशील. झोपलीस की मी त्या दारातून बाहेर जाणार. दिसतंय दार?"

"हो."

"बाहेर तुझी आई आहे. तिच्या शेजारी मी बसणार. उठशील तेव्हा आम्ही दोघं तुझ्याजवळ. मी जातोय ते तुला सांगून जातोय. कळलं?"

"कळलं. टायगने झडप बघितली का?"

"बघेल."

"त्याला काही कळत नाही, तू म्हणतोस."

"चुकतो मी. कळतं त्याला."

मेरिटा खुदकन हसली. मास्क साइव्हच्या तोंडावर आला. "स्ट्रॉबेरीचा वास..." तिने म्हणायला सुरुवात केली आणि डोळे मिटले.

"झालं, आजोबा," मेरिटा हळूच म्हणाली. "निघा आता."

मॅलकी निघाला नाही. झोपलेल्या पोरीच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "येतो गं." तिला ते ऐकू येत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मगच तो दाराकडे वळला.

बाहेर नुआला बाकावर बसली होती. टोपी तिने मुठीत पार चुरगळली होती. तो शेजारी बसला.

"सांगितलंत?"

"सांगितलं. दोनदा."

भिंतीवर घड्याळ होतं. पाच मिनिटं गेली.

"त्या दिवशी," नुआला म्हणाली, "खरंच मोठी भरती होती?"

मॅलकीला हो म्हणता आलं असतं. तेहेतीस वर्षं तो हेच सांगत आला होता, ब्रीडाला, गावाला, स्वतःला. आणि ते खोटंही नव्हतं.

"होती. पण मी पोचलो तोवर उतरली होती. टायगने आधीच झडपा बघून ठेवल्या होत्या. माझी तिथं काही गरज नव्हती."

नुआलाने टोपीवरची मूठ सैल केली.

"तू रडशील ते मला बघवलं नसतं. त्या नर्सने वाट दाखवली, ती मी धरली. तुझ्या आईला मीच ओढून नेलं. ती गाडीत म्हणत होती, मागे फिरा, मागे फिरा. मी फिरलो नाही. पळालो, नुआला. भरतीबिरती काही नाही."

मॅलकी त्या वेळी आजच्या नुआलाच्या वयाचाच होता, एकोणचाळीसचा. हे तिच्या मनात आलं असेल की नाही, सांगता येत नाही. एवढं खरं, की तिने टोपी मांडीवर ठेवली आणि हाताने तिची चुरगळलेली कड सरळ करायला लागली. एकदा, दोनदा, बराच वेळ.

"मी तीन दिवस दाराकडे तोंड करून झोपले होते," ती म्हणाली. "रविवारी तुमची पावलं ओळखू आली, तेव्हा कूस बदलली. मुद्दाम."

"मला वाटलंच."

"तुम्हाला कळलं होतं?"

"पावलं ऐकून खाट करकरली."

नुआलाच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मग तिने डोळे पुसले. इतक्यात दार उघडलं. डॉक्टर डारगन फडकं खाली ओढत बाहेर आली. अठरा मिनिटं झाली होती.

"दोन्हीकडे भरलं. उंचवटा छान आलाय, तोंड मिटलंय. अगदी तुमच्या दोन नंबरसारखं," ती मॅलकीला म्हणाली. "खरं काय ते तीन महिन्यांनी कळेल. चला, उठतेय ती."

साइव्हने डोळे उघडले तेव्हा एका बाजूला नुआला होती, दुसऱ्या बाजूला मॅलकी. तिने दोघांना मोजल्यासारखं पाहिलं, मग सशाला शोधलं, आणि म्हणाली, "मला टोस्ट पाहिजे."

टोस्ट मिळाला, लोणी लावलेला. पण घरी जायला एकच अट होती: आधी लघवी झाली पाहिजे. साइव्हने नाही म्हटलं. पहिल्यांदा थोडं चरचरेल, असं मेरिटाने खरं खरं सांगितलं होतं, आणि वर्गात तिच्याएवढं कुणालाच धरता येत नव्हतं. दोन वाजले. सफरचंदाचा रस झाला, पाणी झालं. साडेतीन वाजले. नुआलाने समजूत घातली, मेरिटाने चिकटवायची चांदणी आणून दाखवली. साइव्ह पाय जुळवून खिडकीकडे तोंड करून बसली.

मॅलकीच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून टायगचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. "मॅलकी! दोन नंबरखाली हाताएवढी फांदी होती. काढली! भरती अशी आली होती की बांधाला जीभ लावून गेली. थेंब आत आला नाही. आता पाणी उतरायला लागलंय."

"उघडली का?" साइव्ह ओरडली.

"कोण, साइव्ह का? अजून नाही गं. नदी खाली गेली की उघडेल."

"तिला कोण उघडतं?"

"कुणी नाही," मॅलकी म्हणाला. "आतलं पाणी उघडतं. आपण घाई केली म्हणून उघडत नाही, आणि वेळ झाली की कुणी अडवूनही राहत नाही. आपण फक्त बसायचं."

"मग बस," साइव्ह म्हणाली.

तिघं बसली. फोन चालूच होता. टायग बांधावर वाऱ्यात उभा राहून शिंकत होता. दहा मिनिटं गेली असतील.

"हलली!" टायग म्हणाला. "कड हलली. आलं, पाणी आलं!"

साइव्ह खाटेवरून घसरली. "आई, चल. चल लवकर!"

न्हाणीघराच्या दारातून आधी "आई गं" असं ऐकू आलं, मग बराच वेळ पाण्याचा आवाज, आणि मग साइव्ह, "एवढं काही नाही दुखलं." मेरिटाने टाळ्या वाजवल्या. मॅलकीने फोन कानाला लावला आणि काय सांगावं न सुचून म्हणाला, "टायग, इथलीही उघडली."

तीन महिन्यांनी तपासणी झाली. डावीकडे, जिथं डाग होता तिथं, एक थेंबही वर चढत नव्हता. उजवीकडे अगदी थोडं चढायचं, जिथल्या तिथं जिरायचं. त्याची काळजी नको, म्हणाली डॉक्टरीण, पण लक्ष ठेवू. संध्याकाळचा चमचा बंद झाला. डाग आहे तिथंच आहे, तो जायचा नाही. पण वाढलेला नाही.

घड्याळाचं मात्र सांगायला हवं. डॉक्टरिणीने दिलेलं ते घड्याळ दर दोन तासांनी साइव्हच्या मनगटावर थरथरतं आणि ती असेल तिथून उठते. एका रविवारी चर्चमध्ये पाद्री नरकाबद्दल सांगत असतानाच ते थरथरलं. साइव्ह मधल्या वाटेने ताठ मानेने निघाली आणि दाराशी वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी जाऊन येते." पाद्रीसुद्धा थांबला.

हे ती आजोबाकडून शिकली, असं नुआला म्हणते. कारण मॅलकी आता सुटलाच आहे. टायगकडच्या डावातून उठायचं तर आधी टायगला सांगतो, मग टायगच्या बायकोला, मग कुत्र्याला. परवा नुआलाच्या घरी तेच. सहाची ओहोटी होती.

"निघतो मी, नुआला."

"बरं."

"साइव्ह, निघतो गं."

"ऐकलं, आजोबा. चारदा सांगितलंस."

तो दारात गेला, टोपी घातली, पुन्हा वळला. "बांधावरच चाललोय. तासाभरात येतो."

नुआलाने हात पुसले आणि खुंटीवरचा कोट काढला. "थांबा. आम्हीपण येतो," ती म्हणाली. "साइव्ह, आधी जाऊन ये. मग गमबूट घाल."

मॅलकी दारात उभा राहून वाट बघू लागला.